मोटार सगळ्यात शेवटी

सिरसाळ्याला माझी कृषी सहाय्यक म्हणून बदली झाली, तेव्हा खोली बघायला मी एका घरी गेले. दार उघडंच होतं. आत एक बाई पाटावर बसून ट्रकला शिव्या घालत होत्या. ट्रक हातभर लांबीचा होता, त्याची चाकं काढून परातीत ठेवली होती आणि पोट उघडं पडलं होतं. बाईंनी साठी ओलांडलेली, पदर कमरेला खोचलेला, चष्मा कपाळावर. मी म्हटलं, "खोली द्यायची आहे असं कळलं."

त्यांनी वर न बघताच विचारलं, "डोळे चांगले हायत का तुझे?"

"हो."

"मग इकडं ये. ही चकती ह्या दांड्यावर सरळ बसली का बघ. मला दिसंना झालंय बे."

मी नाशिककडची. एका बाईनं दुसऱ्या बाईला 'बे' म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. मी पर्स खाली ठेवली, वाकून बघितलं आणि चकती तिरकी आहे म्हणून सांगितलं. त्यांनी ट्रकला आणखी एक शिवी घातली, चकती काढून पुन्हा बसवली आणि मग विचारलं, "काम काय करतीस?" मी सांगितलं. "बरं. कृषी," त्या म्हणाल्या. तेव्हापासून माझं नाव कृषी. खोली मिळाली ती अशी.

त्या नावानं कुणालाच हाक मारत नसत. पलीकडच्या टाइल्सच्या दुकानदाराचं नाव टाइल्स. औषधाच्या दुकानदाराचं नाव मेडिकल. शाळेतल्या नोकरीत मुलींची नावं पाठ करून करून वैताग आला, आता धंद्यावरून ओळखायचं, असं त्यांचं म्हणणं. त्यांना स्वतःला मात्र गाव 'बाई' म्हणायचं, कारण गावातल्या निम्म्या बायका त्यांच्याकडून भौतिकशास्त्र शिकल्या होत्या. नवरा वारला होता, मुलगा पुण्यात होता, आणि निवृत्तीनंतर त्या रिमोटवर पळणारे शर्यतीचे ट्रक जुळवायच्या.

घरातलं मधलं दालन पूर्ण त्या कामाला दिलेलं. मिसळणाच्या डब्यात स्क्रू असायचे, प्रत्येक वाटीत वेगळ्या मापाचे. एकदा मी पोहे करायला म्हणून तो डबा उचलला, तेव्हा त्यांनी इतका आरडाओरडा केला की शेजारीण धावत आली. कपाटात साड्यांखाली टायर. धान्य मोजायचा डिजिटल काटा दाराशी, त्यावर ट्रक चढवून वजन घ्यायचं. बेअरिंग धुवायला पेट्रोलची बाटली होती, आणि तिच्यावर शाळेतल्या अक्षरात 'पिऊ नये' असं लिहिलेलं.

येणारा प्रत्येक माणूस एकच प्रश्न विचारायचा, "किती पळतो?" त्या प्रश्नाचा बाईंना मनापासून संताप होता. "पळतो किती ते विचारू नका, वळतो कुठं ते विचारा," असं म्हणून त्या पुन्हा कामाला लागायच्या. पाहुणा बसलेला असेल तर बसलेलाच राहायचा. चहाचं नाव नाही.

आणि दुसरा संताप मोटारीचा. नव्या माणसाला ट्रक करायचा असला की तो आधी मोटारच विकत घेऊन यायचा, तीही मोठ्यातली मोठी. बाई म्हणायच्या, "नवरदेव ठरला न्हाई आन् बँड सांगून आला." त्यांचा क्रम ठरलेला होता. आधी ट्रकचं वजन. मग माती कसली आहे ते. मग टायर. मग दातेरी चाकं, म्हणजे मोटारीच्या लहान चाकाला किती दाते आणि ते ज्या मोठ्या चाकाला फिरवतं त्याला किती. हे सगळं ठरल्यावर, सगळ्यात शेवटी, मोटार.

हे मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. तरीही मी तेच केलं.

झालं असं की त्यांना मदत करता करता मलाही ट्रक जुळवावासा वाटला. सांगाडा त्यांचा जुना होता. मोटार मी पुण्याहून मागवली, बारा वेढ्यांची. मोटारीच्या आत तारेचे वेढे असतात. वेढे कमी तितकी ती जोरात फिरते आणि तितकीच तापते. बारा म्हणजे भलतीच तापट. बाईंनी खोकं बघितलं, आकडा वाचला.

"ही कुणी सांगितली?"

"कुणी नाही. सगळ्यात पॉवरफुल आहे म्हणून घेतली."

"लाव मग."

मला वाटलं होतं त्या अडवतील, ओरडतील. त्यांनी मला सगळं माझ्या हातानं बसवू दिलं. घरामागच्या माळावर त्यांनी ट्रॅक केला होता. लाल मुरमाचा, वळणांना बाहेरून उंच कड दिलेला, दोन्ही बाजूंना ठिबकच्या जुन्या नळ्या खुंट्या ठोकून आखलेल्या. मी ट्रक सोडला. पहिल्या फेरीत तो असा निघाला की मी हसायलाच लागले. दुसऱ्या फेरीत जळका वास आला. मी रिमोटवरचं बोट दाबलेलंच ठेवलं. मग करकर असा आवाज झाला, ट्रक जागेवर थांबला आणि खालून धूर निघाला. प्लास्टिकच्या चाकाचे दाते गुळगुळीत झाले होते.

बाई तरातरा आल्या. मोटार जळाल्याचं त्यांना काहीच नव्हतं.

"वास आला होता का तुला?"

"आला होता."

"मग बोट कावून न्हाई सोडलं?"

"वाटलं, पळतोय तर पळू दे."

"ह्याचाच मला राग येतो," त्या म्हणाल्या. "समदे असेच हायत. वास येतोय, समद्यांना येतोय, पर पळतंय ना, मग पळू द्या."

नंतर त्यांनी मला ती जळकी मोटार उघडायला लावली. डबीच्या तोंडाशी पत्र्याच्या दोन जिभा वाकवलेल्या असतात, त्या स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटायच्या, झाकण काढायचं, आतलं लोखंडी गुंडाळं ओढून बाहेर घ्यायचं. तारेवरचा रोगणाचा थर काळा पडलेला. त्यांनी मला वेढे मोजायला लावले. बारावीपर्यंत विज्ञान, पुढं कृषीची पदवी, आणि मोटारीच्या आत काय असतं ते मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. तसं मी बोलून दाखवलं. बाईंनी गुंडाळं माझ्या हातातून घेतलं.

मग म्हणाल्या, "मी तुज्यापेक्षा म्हातारी झाल्यावर बघितलं."

त्यांची हकीकत अशी. त्यांच्या शाळेत प्रयोगशाळेचं एक काचेचं कपाट होतं. त्यात मोटारीचा नमुना होता, दातेरी चाकांचा एक संच होता, सगळं होतं. किल्ली मुख्याध्यापकांकडे. तपासणी आली की कपाट उघडायचं, वस्तू टेबलावर मांडायच्या, साहेब चहा पिऊन गेले की परत कुलूप. बाईंनी नव्या नोकरीत एकदा किल्ली मागितली, तर उत्तर मिळालं, "पोरी मोडतील." मग त्यांनी सगळी नोकरी खडूवर काढली. मोटार फळ्यावर, वेढे फळ्यावर. वळताना बाहेरचं चाक आतल्या चाकापेक्षा जास्त फिरावं म्हणून गाडीत जी दात्यांची जुळणी असते, तीही फळ्यावर. निवृत्त झाल्या. लॉकडाऊनमध्ये मुलगा घरी आला, जाताना त्याचा एक बिघडलेला खेळण्यातला ट्रक इथंच विसरून गेला. टाकून द्यायच्या आधी बाईंनी तो उघडला, आणि ती दात्यांची जुळणी त्यांच्या तळहातावर आली.

"असं फिरवलं," त्या म्हणाल्या. "एक चाक धरून ठेवलं, दुसरं फिरवलं. मी जन्मभर शिकवलं तसंच होतं. बरोबर होतं. मला आनंद व्हायला पायजे होता. मला इतका राग आला, कृषी, की मी ते भिंतीवर फेकून मारलं."

"मुख्याध्यापकांचा राग?"

"त्याचा कशाला? माजा. कपाट काचेचं होतं बे. फोडता आलं असतं."

हळूहळू माळावर रविवारी माणसं जमायला लागली. टाइल्स आला, मेडिकल आला, परळीहून दोघंतिघं यायला लागले. सगळे मोठे, घरदार असलेले लोक. माळाच्या कडेला लावलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभं राहून रिमोट चालवायचे आणि बाईंच्या शिव्या खायचे. मीही नव्यानं ट्रक जुळवला, ह्या वेळी क्रमानं. काट्यावर वजन केलं, मुरूम बारीक आहे म्हणून आखूड खुंट्यांचे टायर घेतले, दाते ठरवले, आणि शेवटी मोटार घेतली ती सत्तावीस वेढ्यांची, साधी, थंड डोक्याची. स्क्रू प्लास्टिकमध्ये जात असेल तर हात हलका ठेवायचा, लोखंडात जात असेल तर तो ढिला होऊ नये म्हणून निळं लुकण लावायचं, हे हाताला बसलं. मी टाइल्सच्या पुढं यायला लागले.

बाईंचे धाकटे दीर गावातलं मोठं प्रस्थ. सगळे त्यांना आबा म्हणत. रस्त्याची कामं त्यांची, पतसंस्था त्यांची, कुठल्याही मांडवात पहिली खुर्ची त्यांची. त्यांच्या तिशीतल्या मुलाला, म्हणजे बाईंच्या पुतण्याला, ट्रकचा नाद लागला, आणि आबांच्या वाढदिवसाला भव्य ट्रक शर्यत घ्यायचं ठरलं. ट्रॅक बाईंचा लागणार होता. आबा स्वतः घरी आले. बाईंनी एकच अट घातली. सगळ्यांची मोटार एकच, सत्तावीस वेढ्यांची, आणि शंका आली तर मोटार तिथल्या तिथं उघडायची.

"तुमी म्हणाल तसं, वहिनी," आबा म्हणाले. टाइल्स आणि मेडिकल तिथंच बसलेले होते. त्यांनीही ऐकलं.

शर्यतीच्या दिवशी माळावर मांडव, फ्लेक्स, कर्णे. माजलगाव, तेलगाव, अंबाजोगाईकडून ट्रक आले. बाई तपासणीच्या टेबलाशी. शेवटच्या फेरीत मी सुरुवातीपासून पुढं होते. सरळ पट्ट्यावर पुतण्याचा ट्रक माझ्या बाजूनं असा निघून गेला की माझा उभाच आहे असं वाटावं. तिसऱ्या वळणावर मी त्याला गाठायला बघितलं, जमलं नाही. तो पहिला आला, मी दुसरी. त्याचा ट्रक टेबलावर आणून ठेवला तेव्हा तो वास आला. मला आला, टाइल्सला आला. टाइल्सनं माझ्याकडं बघितलं आणि मग दुसरीकडं बघितलं.

"उघड," बाई पुतण्याला म्हणाल्या.

"मोठ्याई, उघडली की मोटार खराब होती. नवी हाय."

"खरंय. खराब होती," असं म्हणून त्यांनी माझा ट्रक ओढला, मोटार सोडवली, जिभा उचकटल्या, गुंडाळं बाहेर काढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वेढे मोजले. सत्तावीस. "ही खराब झाली. आता तुजी."

पुतण्यानं बापाकडं बघितलं. आबा हसत पुढं आले. "वहिनी, वाढदिवस हाय. लोकं जेवायची थांबलेत. पोरांच्या खेळात कावून ताणायलाव?"

"ठरलं होतं, भाऊजी."

"ठरलं होतं, पर आता बास."

मागून कुणीतरी म्हणालं, "म्हातारीला घरी न्या." लोक हसले. निवेदकानं पहिल्या क्रमांकाचं नाव पुकारलं. बाई उठल्या, त्याच्या हातातला माईक घेतला आणि सगळ्या गावासमोर दिराला एकेरीत म्हणाल्या, "आबा, तू माज्या घरात बसून शब्द दिलास," आणि तेवढ्यात आवाज गेला. कुणीतरी वायर काढली होती. बाई तशाच बोलत राहिल्या. त्यांचे ओठ हलत होते, वर्गात शिकवल्यासारखा एक हात वर होता, आणि कर्ण्यांवर ढोलताशा लागला. पुतण्यानं करंडक घेतला. टाइल्सनं टाळ्या वाजवल्या. मेडिकलनंही वाजवल्या. आबांच्या प्रत्येक कामाला फरशी टाइल्सच्या दुकानातून जाते, आणि मेडिकलचं दुकान आबांच्या गाळ्यात आहे. मला हे सगळं कळत होतं. तरी त्या टाळ्या वाजवणाऱ्या हातांवर फटका मारावा असं मला वाटलं. माझ्या हातात माझ्याच मोटारीचं आतडं होतं.

दुसरं बक्षीस म्हणून आबांनी मला हसत मिक्सर दिला. मी तो मांडवातच ठेवून आले. घरी आल्यावर बाईंनी विचारलं, "मिक्सर कुठाय?"

"तिथंच टाकला. मला नको त्यांचं काही."

"अक्कल हाय का तुला? लई चांगली मोटार असती त्यात."

त्यानंतर काही दिवसांतच माळावर जेसीबी आला. जमीन सासरची, सामाईक, अजून वाटणी न झालेली. रस्त्याला मुरूम पाहिजे, आबांनी सांगितलंय, असं चालकानं सांगितलं. बाई वळणाच्या कडेवर जाऊन उभ्या राहिल्या. मीही शेजारी उभी राहिले. चालक भला होता. त्यानं गाडी थांबवली, फोन लावला, बराच वेळ 'हो, हो' केलं. मग तो दुसऱ्या टोकाकडून खणायला लागला. टिप्पर येत होते, भरून जात होते. ऊन चढत गेलं. सरळ पट्टा गेला, उडीचा उंचवटा गेला. बाई एका जागी उभ्या राहून बोलत होत्या, आबांना, चालकाला, टाइल्सला, मेलेल्या नवऱ्याला. रडल्या अजिबात नाहीत. संध्याकाळी आमच्या चहूबाजूंनी खड्डा होता आणि मधल्या तुकड्यावर आम्ही दोघी. दुसऱ्या दिवशी मी तालुक्याला मीटिंगला गेले होते आणि बाईंना बँकेत बोलावून घेतलं होतं. तेवढ्यात तो तुकडाही गेला.

ट्रक जुळवणं बंद झालं नाही, पण पळवायला जागा राहिली नाही. टाइल्स आणि मेडिकल यायचे बंद झाले. रस्त्यात भेटले की मी बघायची नाही.

पावसाळा सरला, ऊसतोडीला माणसं निघून गावं रिकामी व्हायला लागली, तेव्हा एका दुपारी पुतण्या आला. काखेत ट्रक. दारातच उभा राहिला.

"मोठ्याई, मोटार गेली. संभाजीनगरला स्पर्धा हाय. तिथं मोटारी उघडून बघतात. मला दुसरी घ्यायचीय. कुटली घेऊ?"

मी उठलेच. "बाई, याला हाकला. नाहीतर मी हाकलते."

बाईंनी माझ्याकडं लक्ष दिलं नाही. पाट पुढं सरकवला. "बस. आधी ही उघड."

"जळलीय ती."

"जळलेली उघडता येती. उघड."

त्यानं उघडली. त्याला येत नव्हतं. जीभ उचकटताना हात घसरून बोट कापलं, तरी बाईंनी मदत केली नाही. गुंडाळं बाहेर आलं. वरून डबी सत्तावीसची, आत जाड तारेचे थोडेसे वेढे. मोजायचीही गरज नव्हती, तरी बाईंनी त्याला मोजायला लावलं. तो मोजत असताना मी फोन काढला. फोटो काढायचा, गावाच्या ग्रुपवर टाकायचा, टाइल्सला, मेडिकलला, सगळ्यांना दाखवायचा. बाईंनी माझ्या हातावर चापट मारली.

"ठेव तो."

"बाई, हाच तो पुरावा."

"ठेव म्हटलं ना." मग पुतण्याला म्हणाल्या, "ट्रक काट्यावर चढव. वजन सांग."

तो रोज यायला लागला. मधल्या दालनात, माझ्या जागेवर बसायला लागला. मिसळणाच्या डब्यातले स्क्रू त्याच्या हातात. बाई त्याला माझ्यासारख्याच शिव्या द्यायच्या, एकही कमी नाही. मी चार दिवस दात आवळून काढले. पाचव्या दिवशी तो गेल्यावर मी बोलले.

"तुम्ही माझी मोटार भर मांडवात फोडलीत. त्याची मात्र घरात, दार लावून."

"दार उघडंच होतं."

"गावाला कळायला नको? त्यानं चोरी केली. त्याच्या बापानं तुमचा माळ नेला. आणि तुम्ही त्याला दाते मोजायला शिकवताय."

"मंग कुणाला शिकवू? ज्याला येतंय त्याला? त्यानं सोताच्या हातानं उघडली ना. मला ती उघडलेली बघायची होती, बघितली."

"आणि माझं काय? पहिली मी होते."

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "नियमानं पयली तूच. पर तिसऱ्या वळणावर तू भ्यालीस. त्याची मोटार तापली होती, वळणावर तो ढिला पडला होता, आतून जागा होती. तू बोट सोडलंस. ते मोटारीत नव्हतं, कृषी. ते तुज्यात होतं."

ते खरं होतं. माझ्याशिवाय ते फक्त त्यांनाच दिसलं होतं, आणि इतके महिने त्यांनी ते बोलून दाखवलं नव्हतं. नेमकं त्या दिवशी, त्या पोराची बाजू घेताना बोलून दाखवलं. मला भयंकर संताप आला. मी सामान बांधलं आणि स्टँडजवळ दुसरी खोली घेतली. त्यांनी अडवलं नाही. माझा ट्रक तेवढा दारात आणून ठेवला, काट्यावरून नुकताच उतरवलेला, खाली चिठ्ठी नाही, काही नाही.

पुढची हकीकत मला टाइल्सनं सांगितली. मी बोलत नव्हते तरी तो सांगायचा. पुतण्या संभाजीनगरला गेला, खरी मोटार लावून कुठंतरी मधल्या घोळक्यात आला, आणि परत आल्यावर त्यानं आबांच्या रानातला एक पट्टा सपाट करून ट्रॅक केला. दर रविवारी तिथं शर्यत होते. आत जाताना टेबल आहे, मोटार उघडून दाखवल्याशिवाय ट्रक सोडत नाहीत, आबांच्या पाहुण्यांनासुद्धा. आणि बाई तिथं खुर्ची टाकून बसतात.

"आबांच्या रानात?" मी विचारलं. तेवढंच बोलले.

"आबांच्या रानात. आन् आबा दिसले की एकच विचारतात. मुरूम परत कधी टाकता? समद्यांसमोर. दर रविवारी. आबा आता तिकडून गाडी नेत न्हाईत."

मला विश्वास बसला नाही. म्हणून एका रविवारी ट्रक घेऊन गेले. टेबलाशी पुतण्या. तो उभा राहिला. "मॅडम, मोटार," म्हणाला, मान खाली घालून. मी त्याच्या तोंडावर ट्रक आपटणार होते. पण मोटार सोडवून दिली. त्यानं झाकण काढलं, वेढे मोजले, मला दाखवले, जिभा जपून वाकवून मोटार परत बसवली. आता त्याचा हात घसरत नव्हता. बाई पलीकडं खुर्चीत. त्यांनी मला बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. मीही तसंच केलं.

पहिली फेरी व्हायच्या आधी रानात ट्रॅक्टर शिरला. मागं ट्रॉली भरलेली. त्याच्यामागं आबांची गाडी. आबा उतरले, सगळ्यांना नमस्कार केला आणि जरा मोठ्यानंच म्हणाले, "वहिनी, हा घ्या तुमचा मुरूम. खड्ड्यात टाकायला सांगतो. दहा ट्रॉल्या येतील. झालं आता समाधान?"

टाइल्स, मेडिकल, परळीचे लोक, सगळे बाईंकडं बघायला लागले. बाई उठल्या, ट्रॉलीपाशी गेल्या, एक मूठ उचलली, बोटांत चुरगाळली. मग मागं वळून हाक मारली.

"कृषी. इकडं ये. ही माती कसली हाय सांग ह्यांना."

इतक्या महिन्यांनी पहिलं वाक्य ते. मी गेले. मूठभर घेतली. चांगला मुरूम होता. बारीक, कोरडा, पाणी धरणार नाही असा, ट्रॅकला आमच्यापेक्षाही बरा. पण पांढरट होता. आमचा लाल होता. आबा माझ्याकडं बघत होते, आणि हसत होते, मिक्सर देताना हसले होते तसे.

"चांगला आहे," मी म्हटलं. "पण आपला न्हाई."

"ऐकलं का, भाऊजी?" बाई म्हणाल्या आणि मुठीतला मुरूम ट्रॉलीत परत टाकला. "हा न्या. आमचा आणा."

आबांचं हसू गेलं. रस्त्यात दाबलेला मुरूम कुठून आणणार, असं ते काहीतरी बोलायला लागले. बाई तोवर खुर्चीकडं वळल्या होत्या. ट्रॅक्टरवाल्यानं एकदा आबांकडं बघितलं, एकदा बाईंकडं, आणि तो गाडी मागं घ्यायला लागला. टेबलाशी पुतण्या उठून उभा होता. त्यानं बापाच्या ट्रॅक्टरला बाहेर निघायला वाट मिळावी म्हणून टेबल ओढून बाजूला केलं.